जोरदार धक्क्याच्या रायफलवर स्कोप पक्का कसा बसवावा

स्कोप ढिला वाटला की पहिला हात पान्याकडे जातो: आवळा अजून! .२२ वर हे खपतं, .३०-०६ वरही बऱ्याचदा निभावतं. .३७५ एच अँड एच मॅग्नमवर मात्र आवळून आवळून शेवटी आटे तरी जातात किंवा स्कोपची ट्यूब तरी चेपते, आणि सरकायचा तो स्कोप सरकतोच. या वर्गातल्या रायफलीचा धक्का स्क्रूंनी पेलायचा नसतो. तो पोलादाच्या खांद्याने आणि कोरड्या पृष्ठभागांमधल्या घर्षणाने पेलायचा. स्क्रूने फक्त दोन वस्तू एकमेकींवर दाबून धरायच्या. पुढची सगळी कृती याच हिशोबाने केलेली आहे.

उदाहरणाला .३७५ घेतली आहे. हॉलंड अँड हॉलंड या इंग्लिश बंदूक कंपनीने १९१२ साली आणलेलं हे काडतूस आफ्रिकेत रानरेडा, एलंड यांच्या शिकारीला आजही नेमाने वापरलं जातं. .४५८ वाले बरेचदा उघड्या साईटवर (बिनभिंगाच्या साध्या नेमावर) भागवतात; .३७५ ला स्कोप लावणारे पुष्कळ. नामिबिया, दक्षिण आफ्रिका, अमेरिका, ऑस्ट्रेलिया इथे राहणाऱ्या आणि परवान्याने शिकार करणाऱ्या मराठी माणसांना याचा थेट उपयोग आहे. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर खेळ म्हणून शिकार संपली, त्यामुळे इथे अशा रायफली आहेत त्या बहुतेक वारशाने आलेल्या, परवान्यावर जपलेल्या. त्यांच्या मालकांना आधीच सांगतो: आजोबांच्या काळातल्या जुन्या इंग्लिश किंवा जर्मन रायफलीच्या रिसीव्हरला, म्हणजे ज्यात बोल्ट सरकतो त्या पोलादी अंगाला, नवी भोकं पाडू नका. संग्राहकाच्या लेखी तिची किंमत त्या क्षणी पडते. मूळ माउंट (स्कोप धरणारी जोडणी) असेल तर तोच वापरा, नसेल तर उघडी साईट उत्तम. नवीन रायफलीलाही छिद्रं पाडायची असतील, तर ते काम परवानाधारक दुरुस्तीदाराचं.

धक्का किती, कोणत्या दिशेने

एक ढोबळ हिशोब करू. ३०० ग्रेनची, म्हणजे साधारण १९.४ ग्रॅमची गोळी सेकंदाला ७७० मीटर वेगाने बाहेर पडते. रायफल स्कोपसकट ४.३ किलो धरू. गोळी बॅरलच्या तोंडाशी पोचेपर्यंत रायफल सेकंदाला जवळजवळ ४ मीटर वेगाने मागे निघालेली असते, आणि हे सगळं सुमारे सव्वा मिलिसेकंदात होतं. म्हणजे सरासरी त्वरण गुरुत्वाकर्षणाच्या ३०० पट. क्षणिक शिखर त्याहून बरंच वर. ४५० ग्रॅमचा स्कोप त्या वेळात सरासरी १३५ किलोच्या जोराने रिंगांतून, म्हणजे त्याची ट्यूब धरणाऱ्या कड्यांतून, निसटायला बघतो. गोळीमागून सुटणारा गॅस रायफलीला आणखी ढकलतो, शेवटचा वेग ५ मीटरच्या आसपास जातो आणि धक्क्याची ऊर्जा ५५ जूलच्या घरात. साध्या .३०-०६ च्या दुप्पट. .४५८ विंचेस्टर मॅग्नम त्याच वजनाच्या रायफलीत ८० जूलला पोचते.

यातून दोन गोष्टी लक्षात ठेवायच्या. पहिली, स्कोपचं वजन. वरच्या आकड्यांत दर १०० ग्रॅमला ३० किलोचा जोर वाढतो. म्हणून ७०० ग्रॅमचा लांबलचक, मोठ्या भिंगाचा स्कोप .३७५ वर चढवणं म्हणजे आपल्याच माउंटशी वैर. दुसरी गोष्ट दिशेची. रायफल मागे जाते, स्कोप जागच्या जागी राहू पाहतो, म्हणजे रायफलीच्या तुलनेत तो *पुढे* सरकतो. अनेकांच्या डोक्यात हे उलटं बसलेलं असतं आणि मग माउंट खाचेत चुकीच्या बाजूला टेकवलं जातं.

जाता जाता, स्प्रिंगच्या एअर रायफलींबद्दल, कारण महाराष्ट्रात स्कोपशी पहिली ओळख बहुधा तिथेच होते. तिथे पिस्टन पुढे धावून थांबतो तेव्हा रायफल पुढे झटका घेते, आणि स्कोप *मागे* सरकतो. म्हणून एअर रायफलच्या माउंटला मागच्या बाजूने स्टॉप पिन लागते. हा दोन्हीकडचा झटका इतका वाईट की मोठ्या रायफलीवर टिकणारे काही स्कोपही त्यावर आतून खिळखिळे होतात. एअर रायफलवर शिकलेली सवय .३७५ वर जशीच्या तशी नेऊ नका, एवढंच.

सामान निवडताना

स्कोप कमी वर्धनाचा घ्या: १-४, १.५-५, १-६. पुढचं टोक सरळ, ट्यूबच्याच जाडीचं, २० किंवा २४ मिमी भिंगाचं. असा स्कोप खाली बसतो आणि रिंगा पुढेमागे करायला जागा मिळते. एक इंची ट्यूबचे हलके नमुने ३०० ग्रॅमच्या आसपास मिळतात. ३० मिमीचे १-६ सहज ५०० च्या पुढे जातात. रानरेडा बहुतेक वेळा १०० मीटरच्या आतच दिसतो, तिथे जास्त वर्धनाचं काय करणार?

आय रिलीफ, म्हणजे डोळा आणि स्कोपचं मागचं भिंग यांतलं अंतर, निदान ९० मिमी हवं. १०० असेल तर उत्तम. आणि हा आकडा सर्वांत जास्त वर्धनावर तपासा. काही स्कोपचा आय रिलीफ वर्धन वाढवलं की १०-१५ मिमीने आखडतो. भुवईवर चंद्रकोर काढून घेणारे नवशिके बरेचदा तिथेच फसतात.

बेस, म्हणजे रिंगा ज्यावर बसतात ती रिसीव्हरवरची बैठक, पोलादी. अ‍ॅल्युमिनियमचे उत्तम बेसही आहेत, पण ४०-५० ग्रॅम वाचवण्यासाठी म्हणून जे अ‍ॅल्युमिनियम निवडतात त्यांनी ते वजन स्कोपमधून वाचवावं. रिसीव्हरमध्येच खाच कोरलेली असेल तर सोन्याहून पिवळं: रुगर हॉकआयचे अंगचे बेस, किंवा सीझेड ५५० ची १९ मिमीची अंगची डव्हटेल. तिथे बेसचे स्क्रू हा प्रश्नच मिटतो.

अंगचा बेस नसेल तर एक सलग रेल की दोन तुकड्यांचा बेस? सलग रेल जास्त ताठ, त्यात वाद नाही. पण .३७५ मध्ये काडतुसं वरून, इजेक्शन पोर्टमधून (रिकामं काडतूस बाहेर पडायच्या खिडकीतून) अंगठ्याने दाबून भरायची असतात, आणि सलग रेल नेमकी तिथेच आडवी येते. घाईत दोन काडतुसं भरायची वेळ आली की रेलच्या धारेवर अंगठा सोलतो. माझं मत दोन तुकड्यांच्या पोलादी बेसकडे.

स्क्रूची जाडीही बघा. बहुतेक कारखानदार रिसीव्हरला ६-४८ आकाराची छिद्रं देतात. त्या स्क्रूचा व्यास ३.५ मिमी. ८-४० चा व्यास ४.१७ मिमी, क्षेत्रफळात हा फरक ४० टक्क्यांवर जातो. म्हणूनच मोठ्या कॅलिबरवर काम करणारे जाणते दुरुस्तीदार छिद्रं मोठी करून ८-४० चे आटे पाडतात. छिद्रं मुळात तिरकी असतील तर तेही त्याच वेळी सरळ होतात. .४१६ च्या पुढे जाणार असाल तर हे काम करून घ्याच. त्याशिवाय बेसच्या खालच्या बाजूला रिसीव्हरच्या कडेला अडणारा छोटा खांदा, म्हणजे लग असेल, तर धक्का तोच पेलतो आणि स्क्रू मोकळे राहतात.

रिंगा रुंद घ्या, दर रिंगेच्या टोपीला, म्हणजे वरच्या अर्ध्या भागाला, चार स्क्रू. .४५८ लॉट आणि त्यावरच्या रायफलींवर लोक तीन रिंगाही लावतात. उंची शक्य तितकी कमी, पण ठरवण्याआधी तीन ठिकाणी अडतंय का पाहा: बोल्टची मूठ पूर्ण उचलल्यावर स्कोपच्या मागच्या टोकाला लागते का, जुन्या माउझर ९८ चा पंखासारखा सेफ्टी वरून फिरतो की स्कोपला टेकतो, आणि रिकामं काडतूस उडताना बाजूच्या टरेटवर (नेम सरकवायच्या गोल कळीवर) आपटतं का. .३७५ चं केस ७२ मिमी लांब, त्याला बाहेर पडायला जागा लागते.

पिकाटिनी आणि वीव्हर या दोन मापांच्या रेल-रिंगांची सरमिसळ हा आणखी एक सापळा. पिकाटिनीची खाच ५.२३ मिमी रुंद, वीव्हरची ४.५७. वीव्हरची रिंग पिकाटिनीवर बसते, पण आडवा बोल्ट खाचेत खेळतो. हलक्या रायफलीवर चालून जातं; इथे अर्ध्या मिलिमीटरहून जास्त असलेली ती मोकळीक म्हणजे दर गोळीला हातोडीचा एक घाव.

काम सुरू करण्याआधी

मॅगझिन रिकामं, चेंबर डोळ्याने आणि बोटाने तपासलेलं, बोल्ट काढून बाजूला, काडतुसं दुसऱ्या खोलीत. यात सवलत नाही.

मग आधी दस्त्याचे स्क्रू बघा, म्हणजे रिसीव्हर लाकडात धरून ठेवणारे. ते ढिले असतील तर निशाणा भरकटतो आणि दोष स्कोपवर येतो. लाकडी दस्ता पावसाळ्यात फुगतो, उन्हाळ्यात आकसतो, त्यामुळे जुन्या रायफलीत हे हमखास सापडतं. रिकॉइल लगच्या (रिसीव्हरखालच्या, धक्का लाकडाला देणाऱ्या खांद्याच्या) मागे किंवा मॅगझिनच्या मागच्या कोपऱ्यात लाकडाला केसाएवढी चीर दिसली तर स्कोपचं काम थांबवा आणि आधी दस्ता दुरुस्त करून घ्या.

हाताशी हे हवं: इंच-पाउंडात किंवा न्यूटन-मीटरमध्ये चालणारा टॉर्क ड्रायव्हर, स्क्रूच्या डोक्यात नेमके बसणारे बिट (टी-१५ टॉर्क्स असेल तर उत्तम, चपट्या खाचेचे जुने स्क्रू असतील तर समांतर धारेचा बिट, निमुळता नव्हे), अ‍ॅसिटोन, कापसाच्या काड्या, निळा लॉकटाइट (आटे ढिले होऊ न देणारा डिंक), फीलर गेज (फट मोजायची पाती), ओळंबा आणि रायफल धरायला गादी लावलेला व्हाइस. टॉर्क ड्रायव्हर नसेल तर हे काम पुढे ढकला. हाताच्या अंदाजाने आवळणारे दोन माणसं एकाच स्क्रूला दुपटीच्या फरकाने आवळतात.

बेस

बेसची खालची बाजू, रिसीव्हरची वरची बाजू, स्क्रू, छिद्रं, सगळं अ‍ॅसिटोनने पुसा. छिद्रांत कापसाची काडी फिरवत राहा, ती पांढरी बाहेर येईपर्यंत. नव्या रायफलीच्या छिद्रांतही कारखान्याचं तेल असतं. तेलाच्या पुसट थरानेही घर्षण निम्म्यावर येऊ शकतं, आणि आपला सगळा भरवसा तर घर्षणावर. शिवाय तेलकट आट्यांत लॉकटाइट धरत नाही.

आता कोरडी बसवणूक. बेस ठेवून स्क्रू नुसते हाताने फिरवा. प्रत्येक स्क्रू निदान पाच वेढे आत गेला पाहिजे. सगळ्यांची लांबी सारखी नसते, म्हणून कोणता कुठला हे कागदावर मांडून ठेवा. सर्वांत पुढचा स्क्रू लांब असेल तर तो बॅरलच्या आट्यांना टेकतो: स्क्रू कडक लागला असं हाताला वाटतं, पण बेस खाली दाबलेलाच नसतो. बेसला बोटाने हलवून बघितलं की कळतं. दुसरा स्क्रू लांब असेल तर बोल्टच्या लगला अडतो. बोल्ट घालून मूठ खाली करून पाहा, कुठेही खरवड लागता कामा नये. लांब स्क्रू टोकाकडून घासून आखूड करता येतो, फक्त घासल्यावर शेवटचा आटा साफ करा.

मग बसणी तपासा. बेसचा एकच टोकाचा स्क्रू आवळा आणि दुसऱ्या टोकाखाली फीलर गेजचं ०.०५ मिमीचं पातं सरकवून बघा. गेलं, तर बेस आणि रिसीव्हर एकमेकांना जुळत नाहीत. दुसरा स्क्रू आवळताना बेस वाकणार आणि तो वाक रिंगांतून स्कोपच्या ट्यूबमध्ये उतरणार. इथे पोलादी भुकटी मिसळलेलं इपॉक्सी कामाला येतं. रिसीव्हरला आणि स्क्रूंना बिनरंगी बूट पॉलिशचा पातळ हात द्या, म्हणजे इपॉक्सी तिथे चिकटणार नाही. बेसच्या खाली इपॉक्सीचा पातळ थर लावून तो जागेवर ठेवा. स्क्रू नुसते टेकवा, आवळू नका. बाहेर आलेलं लगेच पुसा. चोवीस तासांनी बेस उचला: खाली रिसीव्हरचा हुबेहूब ठसा मिळतो. या थराने बेस पूर्ण लांबीभर टेकतो, आणि जितका भाग टेकतो तितका धक्का वाटला जातो. पॉलिश पुसायला विसरू नका.

आता शेवटची बसवणूक. प्रत्येक स्क्रूच्या आट्यांवर निळ्या लॉकटाइटचा एक थेंब. बेसला लग असेल तर बेस *पुढे* ढकलून ज्या बाजूने तो अडतो तिथे टेकवा आणि तसाच धरून आवळा. ६-४८ चे स्क्रू पोलादी बेसवर २० इंच-पाउंड, म्हणजे २.३ न्यूटन-मीटर, ८-४० चे २८ इंच-पाउंड, म्हणजे ३.२. माउंटसोबत आलेल्या कागदावर वेगळा आकडा असेल तर तोच खरा. ओला लॉकटाइट वंगणासारखा वागतो, त्याच टॉर्कला स्क्रू जास्त ताणला जातो, तेव्हा आकड्याच्या वर जाऊ नका. लाल लॉकटाइट वापरू नका. तो सोडवायला अडीचशे अंशांवर तापवावं लागतं आणि रायफलीच्या रंगाचं वाटोळं होतं.

रिंगा

रिंगांचे खालचे भाग बेसवर ठेवा. आडवा बोल्ट किंवा लग खाचेच्या *पुढच्या* भिंतीला टेकेपर्यंत रिंग पुढे ढकला आणि मगच नट आवळा. अर्धा इंची नटवाल्या पिकाटिनी रिंगांना साधारण ६५ इंच-पाउंड (७.३ न्यूटन-मीटर) लागतात, छोट्या टॉर्क्स स्क्रूवाल्यांना त्याच्या निम्म्याहून कमी. जागा आधीच शेवटची धरू नका, कारण डोळ्याचं अंतर अजून ठरायचं आहे.

लॅपिंग, म्हणजे पेस्ट लावलेल्या दांड्याने रिंगांची आतली बाजू घासून एका रेषेत आणणं, करायचं का? दोन रिंगांच्या आस एका रेषेत आहेत का ते आधी पाहा. खालच्या अर्ध्या रिंगांत लॅपिंगचा दांडा ठेवला की तो डुगडुगतो का, किंवा एका बाजूलाच चमक पाडतो का, ते दिसतं. स्वस्त रिंगा आणि दोन तुकड्यांचा बेस असेल तर थोडं लॅपिंग बहुतेक वेळा लागतंच. रिंगेच्या आतला काळा रंग तीन चतुर्थांश भागावर एकसारखा उडाला की थांबा. जास्त घासलं तर रिंग सैल होते. पेस्टचा कण न कण धुवा. उघड्या पोलादाला कोल्ड ब्लू (न तापवता काळा थर देणारं रसायन) करा, तेल लावून सोडून देऊ नका. आत प्लास्टिकच्या फिरत्या चकत्या असलेल्या रिंगांना आणि एकसंध, अचूक कापलेल्या माउंटला लॅपिंग कधीच नाही.

.३७५ च्या वर काम करणारे जुने कारागीर आणखी एक करतात: रिंगेच्या आतल्या बाजूला राळेची पूड. व्हायोलिनच्या गजाला लावतात तीच राळ. खलात बारीक करून, अल्कोहोलमध्ये किंचित विरघळवून, रिंगेत पुसटसा हात द्यायचा आणि वाळू द्यायचं. दाबाखाली ती ट्यूबला पकडते, आणि स्कोप काढताना पुसून जाते. स्वस्त आणि मस्त. विजेची चिकटपट्टी किंवा कागदाचे तुकडे मात्र घालू नका; दाबाने ते चेपतात आणि दहा गोळ्यांत रिंग पुन्हा ढिली.

स्कोप सरकतो आहे की नाही हे रिंगच सांगते. बऱ्याच गोळ्यांनंतर टोपी काढली तर ट्यूबवर रिंगेच्या कडेलगत एक अरुंद, चकचकीत पट्टा दिसतो, एका बाजूला स्पष्ट संपणारा, दुसऱ्या बाजूला पुढच्या दिशेने ओढल्यासारखा. ती ओढ दिसली म्हणजे पकड अपुरी होती. पट्टा दोन्ही कडांना सारखाच पुसट असेल, तर तो नुसता दाबाचा ठसा, काळजी नको.

डोळ्याचं अंतर आणि ओळंबा

स्कोप रिंगांत ठेवा, टोप्या इतक्याच लावा की स्कोप हाताने सरकेल, फिरेल. रिंग टरेटच्या फुगीर भागाला आणि वर्धनाच्या चकतीला चिकटू देऊ नका, तीन-चार मिलिमीटर जागा ठेवा.

शिकारीला घालणार तेच जाकीट अंगात घाला. वर्धन सर्वांत जास्त. डोळे मिटून रायफल खांद्याला लावा, गाल दस्त्यावर टेकवा, मग डोळे उघडा. पूर्ण, गोल, कडेला सावली नसलेलं चित्र दिसेपर्यंत स्कोप पुढेमागे करा. सापडलं की आणखी ५-१० मिमी *पुढे* ढकला, चित्राच्या कडेला पुसट सावलीची सुरुवात होईल इतपत. हे उभ्याने करा, मग गुडघ्यावर बसून, मग पालथं पडून. पालथं पडल्यावर डोकं नकळत पुढे सरकतं आणि चढावर रोखताना तर आणखीच. सर्वांत पुढे डोकं जाणाऱ्या पवित्र्यात ९० मिमी राहिले, तरच समाधान माना. उभ्याने किंचित कमी चित्र दिसलं तरी चालेल, भुवई फुटायला नको.

क्रॉसहेअर सरळ करायला २५-३० मीटरवर ओळंबा टांगा, वारा नसताना. रायफल व्हाइसमध्ये, बेसच्या सपाट पाठीवर छोटी लेव्हल ठेवून सरळ केलेली. उभी रेघ ओळंब्याच्या दोरीवर बसेपर्यंत स्कोप फिरवा. टोपी आवळताना स्कोप एका बाजूला वळतो, तेव्हा मधूनमधून पुन्हा दोरी बघत राहा.

टोप्या आवळणं

स्क्रू तिरप्या क्रमाने, दर वेळी अर्धा वेढा. दोन्ही बाजूंच्या फटी सारख्या ठेवा. एका बाजूला मिटलेली आणि दुसऱ्या बाजूला उघडी असेल तर सैल करून पुन्हा. आकडा बहुतेक स्कोप कंपन्यांच्या मते १५ ते १८ इंच-पाउंड, म्हणजे १.७ ते २ न्यूटन-मीटर, आणि इथे स्क्रू कोरडे; लॉकटाइट नको. पोलादी रिंगांचे काही उत्पादक २० च्या पुढे परवानगी देतात, पण ट्यूब स्कोपवाल्याची आहे. दोन आकड्यांत जो लहान असेल तो पाळा. टोपी आवळल्यावर वर्धनाची चकती जड फिरायला लागली किंवा पॅरालॅक्सचं चाक अडकलं, तर ट्यूब चेपली जातेय.

शेवटी स्क्रूच्या डोक्यापासून रिंगेवर जाणारी एक बारीक रेघ रंगाच्या पेनाने ओढा. तशीच एक ट्यूबवर रिंगेच्या पुढच्या कडेला. पुढे काहीही हललं तर रेघ तुटलेली दिसेल.

शून्य बसवणं

बोल्ट काढून बॅरलमधून २५ मीटरवरच्या ठिपक्याकडे पाहा, रायफल न हलवता क्रॉसहेअर त्याच ठिपक्यावर आणा. पहिल्या गोळ्या २५ मीटरवरच झाडा. पाव मिनिटाची (हे मिनिट कोनाचं, अंशाचा साठावा भाग) एक क्लिक १०० मीटरवर गोळी सुमारे ७ मिमी हलवते, तर २५ मीटरवर फक्त १.८ मिमी, हे विसरून लोक क्लिकांचा गोंधळ करतात. कागदावर आली की १०० मीटरवर जा.

बाकावर बसून .३७५ झाडणं खांद्याला नकोसं होतं, तेव्हा लोक वजनं लादलेल्या लोखंडी स्टँडमध्ये रायफल जखडतात. ते करू नका. रायफलला मागे जायला वाव नसला की धक्का दस्त्यावर आणि माउंटवर आदळतो; अशाने दस्ते चिरलेले आहेत. पुढचा भाग वाळूच्या पिशवीवर, बॅरल कशालाही टेकलेली नाही, पुढच्या हाताने दस्ता खाली दाबून धरलेला, आणि खांद्यापुढे एक जाड पॅड. तीन गोळ्यांचा गट, बॅरल थंड होईपर्यंत विश्रांती. एका बैठकीत फार गोळ्या झाडल्या की माणूस आधीच डोळे मिटायला लागतो, आणि मग काही खरं नाही.

पहिल्या पाच-सहा गोळ्यांनंतर रेघा बघा. पुन्हा तपासायचं असेल तर ड्रायव्हर त्याच आकड्यावर ठेवून टिक् आवाज येतो का एवढंच पाहा. दर वेळी थोडं आणखी आवळलं तर वाळलेला लॉकटाइट फुटतो.

चटकन निघणारं माउंट असेल तर एक गट झाडून स्कोप काढा, परत बसवा, पुन्हा गट झाडा. दोन्ही एकावर एक आले तर माउंटवर विश्वास ठेवायला हरकत नाही. बसवताना रिंग दर वेळी पुढच्या भिंतीला टेकवायची, मगच खटका लावायचा. आणि स्कोप उतरवलेला असतानाच उघड्या साईटचा नेम ५० मीटरवर तपासून ठेवा. रानरेड्यासमोर स्कोपवर पाऊस पडला किंवा भिंग फुटलं तर हातात तेवढंच उरतं.

गट भरकटायला लागला तर

क्रम ठरलेला ठेवा: दस्त्याचे स्क्रू, मग बेस, मग रिंगा, सर्वांत शेवटी स्कोप. रेघा शाबूत असूनही गट फिरत असेल तर टरेट वीस क्लिक वर, वीस उजवीकडे, वीस खाली, वीस डावीकडे फिरवून दर कोपऱ्याला गोळी झाडा. पाचवी गोळी पहिलीच्या जवळ आली नाही, किंवा क्लिका खाल्ल्या जाऊन एक-दोन गोळ्यांनंतर एकदम उडी येत असेल, तर स्कोप आतून गेला. खात्रीचा दुसरा स्कोप लावून पडताळा.

बेसचा स्क्रू तुटला तर तुटलेला भाग भिंगाखाली धरा. तोंड सपाट, कडेला ओढल्यासारखं असेल तर तो आडव्या जोराने कापला गेला: बेस सरकत होता, बसणी किंवा लग बघा. तोंड खडबडीत, मान आवळलेली असेल तर तो जादा आवळून ताणला गेला. दोन्हींवर इलाज वेगळे, आणि जाड स्क्रू हा फक्त पहिल्याचा इलाज.

काढायची वेळ आली आणि निळ्या लॉकटाइटचा स्क्रू हलत नसेल तर ताकद लावून त्याचं डोकं घालवू नका. सोल्डरिंग आयर्नचं टोक मिनिट-दीड मिनिट फक्त स्क्रूच्या डोक्यावर टेकवा, रिसीव्हरला लागू देऊ नका, आणि गरम असतानाच नेमक्या बिटने सरळ खाली दाबून फिरवा. तेवढ्याने तो सुटतो. जुना लॉकटाइट छिद्रांतून पितळी ब्रशने काढा, आणि नवे स्क्रू घाला. काही रुपयांचे असतात, वापरलेले परत वापरू नका.